‘बदल’ : एका शब्दाची कुळकथा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पालकांची सभा भरली होती. मी तेव्हा नोकरीत होतो व नववीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. सभेत मुलींच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला. दहावीनंतर मुलींना तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेला पाठवावे की नाही, यावर बराच खल झाला. शेवटी मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. व्यवसायाने ते शिंपी. त्यांची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या तिघींत असे. ते म्हणाले, “सर, पोरीला शिकवा. वाट्टेल तितकं शिकवा, मी पोटाला चिमटा घेऊन पैसे भरीन. पण एक सांगतो, ती बदलता कामा नये.”

सभेतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी समाधानाचे चार शब्द सांगितले, चहा झाला आणि सभा संपली. मला मात्र त्या गृहस्थांना द्यायला उत्तर सुचले नव्हते. शिक्षण द्यावयाचे आणि मूल मुळीच बदलू द्यावयाचे नाही, हे कसे जमावे? आणि तरीही त्या बापाची काळजी खोटी होती असे कोण म्हणेल?

भाषेच्या शिक्षकाला एक जुनी खोड असते. प्रश्नाचे उत्तर सापडेना की तो प्रश्नातला शब्दच हातात घेऊन उलटसुलट पाहू लागतो. मीही तेच केले. ‘बदल’ हा शब्द आला कोठून, त्याचा मूळ अर्थ काय, मराठीत येऊन त्याचे काय झाले, हे शोधू लागलो. त्या शोधात जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक बंधुभगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

मूळ घराणे

‘बदल’ हा शब्द अरबी आहे. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूपासून तयार होतात. येथे तो धातू आहे ब-द-ल. ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी आलेला दुसरा. माणूस असो, वस्तू असो किंवा पैसा असो, जो दुसऱ्याची जागा घेतो तो त्याचा बदल.

हा अर्थ आपल्या घरांतून आजही जिवंत आहे. ज्याच्यावर हज फर्ज आहे, परंतु वार्धक्यामुळे वा कायमच्या आजारपणामुळे ज्याला जाणे शक्य नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेल्या हजला ‘हज्जे बदल’ म्हणतात. सूफी परंपरेत ‘अबदाल’ नावाचे वली सांगितले आहेत. त्यांतील एक जगातून गेला की अल्लाह त्याच्या जागी दुसरा नेमतो, म्हणून ते अबदाल, अशी त्या नावाची उपपत्ती दिली जाते. मदरशात अरबी व्याकरण शिकलेल्या मुलांना ‘बदल’ ही संज्ञा तेथेही भेटते. वाक्यात एका नामाच्या पाठोपाठ त्याचेच काम करणारे दुसरे नाम आले, म्हणजे त्याला ‘बदल’ म्हणतात.

याच धातूपासून पुढे ‘तबदील’, ‘इबदाल’, ‘मुबादला’, ‘तबादुल’ असे शब्द झाले. ‘मुबादला’ म्हणजे देवघेव. ‘तबादुल’ म्हणजे परस्परांत झालेली देवघेव. उर्दूत नोकरीतल्या बदलीला ‘तबादला’ म्हणतात, तो याच कुळातला.

राहिले ‘इबदाल’ आणि ‘तबदील’. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. परंतु जुन्या अरबी भाषापंडितांनी या दोहोंत एक बारीक भेद केला होता आणि तो समजावून देण्यासाठी एक फार सुंदर उदाहरण दिले होते.

अंगठीचे उदाहरण

नवव्या शतकात बगदाद ही विद्येची राजधानी होती. अरबी व्याकरणाचे कूफा आणि बसरा असे दोन संप्रदाय तेथे एकमेकांशी झुंजत असत. कूफा संप्रदायाचा अग्रणी होता सालब आणि बसरा संप्रदायाचा अग्रणी होता मुबर्रद. दोघांचेही टोपणनाव अबुल अब्बास, आणि दोघांमधली चुरस प्रसिद्ध होती.

त्यांपैकी सालबने या दोन शब्दांतला फरक असा सांगितला. तुमच्या बोटात मोहोरेची अंगठी आहे. ती काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी दुसरे साधे वळे घातले, तर तो झाला ‘इबदाल’. पहिला दागिना गेला, दुसरा आला. परंतु तीच अंगठी सोनाराने मुशीत वितळवली आणि त्याच धातूचे वळे घडविले, तर तिला म्हणावे ‘तबदील’. येथे घाट बदलला, रूप बदलले, धातू मात्र तोच राहिला. इबदालात मूळ द्रव्यच दूर होते व नवे द्रव्य येते. तबदीलात द्रव्य कायम राहते व आकार नवा होतो.

हे विवेचन सालबच्या एका शिष्याने प्रतिस्पर्धी मुबर्रदच्या कानावर घातले. मुबर्रदला ते आवडले. त्याने त्यात एवढीच भर घातली की, व्यवहारात अरब लोक हा भेद नेहमी पाळीत नाहीत, एकाच्या अर्थाने दुसरा शब्दही वापरतात. प्रतिपक्षाचे म्हणणे चांगले असेल तर चांगले म्हणावे आणि त्यात उणे असेल तेवढे दाखवावे, ही त्या काळच्या विद्वानांची रीत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा सर्व वृत्तान्त इब्न मंजूर याने आपल्या ‘लिसानुल अरब’ या प्रचंड कोशात नोंदविला आहे. तो कोश तेराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला.

कुरआन शरीफातही हा धातू अनेक ठिकाणी आला आहे. जो तौबा करतो, ईमान धरतो व सत्कर्मे करतो त्याच्या दुष्कृत्यांचे सत्कृत्यांत परिवर्तन होण्याविषयी सूरह फुरकानमध्ये जे सांगितले आहे, तेथे ‘तबदील’चेच क्रियापद आहे. माणूस तोच, त्याचे आचरण मात्र नवे.

सालबचे हे उदाहरण वाचले तेव्हा मला त्या शिंपी गृहस्थांचे वाक्य पुन्हा आठवले. त्यांच्या मनातली भीती कोणत्या बदलाची होती? त्याकडे पुढे वळू. तत्पूर्वी हा अरबी शब्द मराठीच्या घरात कसा आला ते पाहू.

दख्खनच्या दप्तरातून

अरबांचा आपल्या किनाऱ्याशी संबंध फार जुना. अल-मसऊदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातील चौलला आला होता. त्या शहराला तो ‘सैमूर’ म्हणतो. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पण मराठीत अरबी शब्दांची खरी रीघ लागली ती समुद्राच्या वाटेने नव्हे, तर सरकारी दप्तराच्या वाटेने, आणि तीही फार्सीचे बोट धरून.

१३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. ते मोडल्यावर मराठी मुलखाशी मुख्यतः संबंध आला तो अहमदनगरच्या निजामशाहीचा व विजापूरच्या आदिलशाहीचा. दरबाराची भाषा फार्सी होती. परंतु गावच्या पाटलाला, कुलकर्ण्याला, शेतकऱ्याला फार्सी कोठून यावी? म्हणून कित्येक हुकूम द्विभाषिक निघत, वर फार्सी आणि खाली मोडी लिपीत मराठी. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी हिंदवीत, म्हणजे या मुलखातल्या भाषेत, ठेवण्याची व्यवस्था केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. हिशेब लिहिणारे लेखनिक बहुतेक ब्राह्मण होते. त्यांच्या बोरूच्या टोकावर फार्सी-अरबी शब्द रुळले व मराठी प्रत्यय लावून कागदावर उतरू लागले.

पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कोशात सुमारे १३८० व्यवहारातील शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्यकारभार आपल्या भाषेत चालावा हा त्यामागचा हेतू. त्याचा परिणामही झाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले आहे की, १६२८ च्या पत्रात फार्सी शब्दांचीच गर्दी आहे, तर १७२८ च्या पत्रात ते अगदी मोजके उरले आहेत.

परंतु येथेच एक मौज आहे. कोशाने शब्द सुचवावेत, निवड मात्र लोकांच्या जिभेची. अष्टप्रधानांतील पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ हे नाव मिळाले, तरी लोक पेशवाच म्हणत राहिले आणि इतिहासात त्या काळाचे नाव पेशवाई असेच पडले. पेशवे दप्तरातील पत्रांवर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असत. खमस म्हणजे पाच, अशर म्हणजे दहा, अलफ म्हणजे हजार. मकतबात शिकलेले आपले पोर ते आकडे आजही वाचून दाखवील, आणि ते लिहिणारा कारकून पुण्याच्या शनिवार पेठेतला असेल.

जे शब्द कामाचे होते, ज्यांनी मराठीचे नियम मान्य केले, ते राहिले. ‘बदल’ त्यांतला एक.

मराठीतला संसार

मराठीत आल्यावर या शब्दाने मोठा संसार थाटला. त्यातील एकेका नातलगाची ओळख करून घेऊ.

पहिला ‘मोबदला’. हा अरबी ‘मुबादला’. काम केले त्याचे दाम, जमीन गेली त्याची भरपाई, तो मोबदला. धरणात वा रस्त्यात ज्यांची शेते गेली त्यांना या शब्दाचे वजन सांगावे लागत नाही.

दुसरा ‘बद्दल’. हा तर इतका घरचा झाला आहे की, तो परका होता यावर मुलांचा विश्वास बसत नाही. आरंभी त्याचा अर्थ ‘च्या मोबदल्यात’ असा होता. मदतीबद्दल आभार, म्हणजे मदतीच्या जागी आभार. चुकीबद्दल शिक्षा, म्हणजे चुकीच्या परतफेडीत शिक्षा. त्यातून हळूहळू ‘च्या विषयी’ हा अर्थ निघाला. आता आपण मुलीबद्दल काळजी करतो, देशाबद्दल अभिमान बाळगतो. येथे देवघेवीचा मागमूसही उरलेला नाही. हिशेबातला शब्द मायेत शिरला.

तिसरा ‘बदला’. अपकाराची परतफेड अपकाराने करणे, म्हणजे बदला घेणे. मुंबईच्या शेअर बाजारात सौदा पुढच्या मुदतीवर ढकलण्याच्या पद्धतीलाही ‘बदला’ हेच नाव होते. ती पद्धत २००१ मध्ये बंद झाली.

चौथी ‘अदलाबदल’. यातला ‘अदला’ अरबीत शोधू नये, सापडणार नाही. तो मराठीने जोडलेला निव्वळ नादाचा शब्द आहे. फार्सी ‘बाजू’ला आपण ‘आजूबाजू’ केले, तसेच अरबी ‘बदल’ला ‘अदलाबदल’ केले. लाडक्या मुलाचे नाव घरात जसे लडिवाळपणे मोडून घेतात, तसा हा प्रकार.

पाचवे क्रियापद ‘बदलणे’. परभाषेतले नाम उसने घेणे सोपे असते. त्याला आपला ‘णे’ लावून त्याची क्रियापदाप्रमाणे सर्व रूपे चालविणे, बदललो, बदलशील, बदलून, बदलता, हे फार थोड्या पाहुण्यांच्या वाट्याला येते. ‘बदल’ला तो मान मिळाला.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. बदनाम, बदसूर यांतील ‘बद’ हा वाईट या अर्थाचा फार्सी शब्द आहे. त्याचा ‘बदल’शी काही संबंध नाही. हिंदीतला ढग या अर्थाचा ‘बादल’ही निराळा. अक्षरे जुळली म्हणजे नाते जुळले असे नव्हे. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे पूर्वी प्रवासातले घोडे बदलीत, म्हणून ते नाव पडले असे लोक सांगतात. गोष्ट गोड आहे, परंतु लोककथेला पुरावा समजू नये.

आता राहिला सहावा शब्द, ‘बदली’. त्याच्याशी माझे घरचे नाते आहे.

अब्बांची ‘बदली’

माझे अब्बा सातारा जिल्ह्यातले. १९५० नंतरच्या दशकात ते मुंबईला गेले आणि एका कापड गिरणीच्या साचेखात्यात ‘बदली’ म्हणून लागले. बदली कामगार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. कायम कामगाराने खाडा केला, तो आजारी पडला वा गावी गेला, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता जो उभा राहील तो बदली. पूर्वी फाटकावर जमलेल्या गर्दीतून कोणाला आत घ्यावयाचे, हे जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना नोंदवून घेण्याची योजना आली, त्यामुळे त्या मर्जीला काहीसा आळा बसला. तरी रोजची अनिश्चितता होतीच.

पहाटेचा भोंगा होण्यापूर्वी अब्बा डबा घेऊन फाटकावर जात. काम मिळाले तर रात्री घरी येत आणि आमच्या दखनी बोलीत अम्मीला सांगत, “आज बदली मिली.” नाही मिळाली तर तासाभरात परत येत. डबा तसाच भरलेला असे. तो उघडून आम्ही भावंडे खात असू. खाताना अब्बा आमच्याकडे पाहत नसत, एवढे मला आठवते.

आज विचार करताना ध्यानात येते की, अरबीतला सर्वांत जुना अर्थ मुंबईच्या गिरणीने जसाच्या तसा सांभाळला होता. दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा तो बदल. अब्बांना अरबी लिहिता येत नव्हते. परंतु त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी इच्छा दोन अरबी शब्दांत मावत होती. ‘बदली’चे ‘कायम’ व्हावे. ‘कायम’ म्हणजे मुळात उभा असलेला, स्थिर. पाच वर्षांनी ते कायम झाले. त्या दिवशी चाळीत जिलेबी वाटली. मग त्यांना ‘रजा’ मिळू लागली. हाही अरबी शब्द, मूळ अर्थ राजीखुशी, संमती. वरिष्ठांची संमती घेऊन घरी जावयाचे, म्हणून मराठीत ती रजा झाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. अब्बा तोवर निवृत्तीला आले होते. जे तरुण तेव्हा बदलीवर होते त्यांना ‘कायम’ होण्याची वाट पाहण्यासाठी फाटकच उरले नाही. त्यांतले काही रिक्षा चालवू लागले, काही गावी परतून शेतीला लागले, काही खचले. बदलाशी जुळवून घे, असे म्हणणे सोपे असते. ज्याला कोणी काही शिकविले नाही, ज्याच्या हाती दुसरी कला नाही, त्याने जुळवून घ्यावे ते कशाच्या बळावर? अब्बांनी आम्हा भावंडांना शिकविले ते याच भीतीने. ते म्हणत, “कुणाच्या गैरहजेरीवर जगू नका.”

शब्द कसे टिकतात

मराठीत आलेल्या अरबी-फार्सी शब्दांकडे पाहिले म्हणजे जुळवून घेण्याचे अनेक प्रकार दिसतात. शाळेतच पाहा. दप्तर, कागद, कलम, दौत, शाई, हजेरी. यांतला ‘दप्तर’ मुळात हिशेबाची वही. मग ती जेथे ठेवतात ते कार्यालय. आता तो मुलांच्या पाठीवर बसला आहे.

काहींचा अर्थ पार फिरला. ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुनरावृत्ती. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा मराठीत तक्रारखोर ठरला. ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत तिने वाट अडविली. ‘शिकस्त’ म्हणजे फार्सीत मोडणे, पराभव. मराठी माणूस मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो, मोडेपर्यंत झटतो. पराभवाच्या शब्दातून या मातीने जिद्दीचा अर्थ काढला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि ‘तालीम’? आपल्याकडे उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. कोल्हापूरकडे तालमीत जाणे म्हणजे लाल मातीत कुस्ती शिकणे. ‘उस्ताद’ तेथे ‘वस्ताद’ झाला. पण विचार करा, अर्थ तुटला आहे का? शिकविणारा आहे, शिकणारा आहे, रोजची मेहनत आहे. केवळ पाटीच्या जागी माती आली.

या अभ्यासाचे ऋण कोणाकोणाचे आहे पाहा. कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, हे फार्सीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. दुसरीकडे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून गौरविले गेलेले मौलवी अब्दुल हक त्या वेळच्या औरंगाबादेत अनेक वर्षे होते. त्यांनी मराठीवरील फार्सीच्या प्रभावासंबंधी उर्दूत पुस्तक लिहिले. त्याही आधी, सतराव्या शतकात, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचला. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने यांच्यापैकी कोणाचे आपलेपण गेले नाही.

त्या पालकांना उत्तर

आता त्या शिंपी गृहस्थांच्या वाक्याकडे वळू. “ती बदलता कामा नये,” असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात इबदालाची भीती होती. आपण घरातून पाठवू ती मुलगी एक, आणि चार वर्षांनी परत येईल ती कोणी दुसरीच, आपली बोली हसण्यावारी नेणारी, बापाच्या मशीनची लाज वाटणारी, अम्मीच्या अडाणीपणावर ओशाळणारी. अंगठी काढून ठेवली जाईल आणि तिच्या जागी भलतेच वळे येईल. ही भीती अनाठायी नाही. असे झालेले आपण पाहिले आहे. असे शिक्षण कोणी देत असेल तर पालकांनी त्याचा जाब जरूर विचारावा.

परंतु तबदील नको म्हणून कसे चालेल? सोने तिजोरीत ठेवले तर ते सुरक्षित राहील, पण दागिना होणार नाही. मुलगी रसायनशास्त्र शिकेल, बसने एकटी प्रवास करील, बँकेचा अर्ज स्वतः भरील, प्रश्न विचारील, कधी आपले म्हणणे खोडूनही काढील. हे सर्व घाट बदलण्याचे प्रकार आहेत. यांतले काहीच झाले नाही तर शाळेने फी घेतली कशाची? मूस तापते तेव्हा सोन्यालाही सोसावे लागते आणि सोनारालाही डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. धातू अस्सल आहे की नाही, हे मात्र शाळेत ठरत नाही. तो घरातून येतो. खरे बोलणे, हलालची कमाई, मोठ्यांचा मान, शेजारधर्म हे ज्या घरात पक्के असते, त्या घरच्या मुलांना मुशीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मुबर्रदची पुस्तीही येथे विसरू नये. व्यवहारात हे दोन प्रकार नेहमी स्वच्छ वेगळे दिसत नाहीत. कोणता बदल रूपाचा आणि कोणता मुळाचा, यावर बाप-लेकीचे मतभेद होतीलच. ते बसून बोलण्याने सुटतात, दार लावून घेण्याने नव्हे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. वडिलांनी तिला पाठविले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते मला बाजारात भेटले. मी विचारले, “काय, कशी आहे लेक?” ते म्हणाले, “सर, बदललीच की ती! घरी आली, पहिल्यासारखी काज-बटणाला बसली, आणि मग माझ्याकडे दुकानाचा हिशेब मागितला. उधारी किती, येणं किती, सगळं वहीत लिहून काढलं.” त्यांचा सूर तक्रारीचा होता. पण खिशातून ती वही काढून त्यांनी मला तेथेच रस्त्यात दाखविली.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हांला एक काम सांगतो. या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. दादी-नानी ज्या बोलीत बोलतात त्यातले, बाजारातले, तलाठ्याच्या कागदावरचे शब्द एका वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे त्याचे मूळ शोधून लिहा. उर्दूच्या शिक्षकांना विचारा, मराठीच्या शिक्षकांना विचारा, कोश उघडा. पन्नास शब्द झाले की वही आपल्या वर्गात वाचून दाखवा. ज्यांना ‘बदल’ या शब्दापासून आरंभ करावयाचा असेल, त्यांचे पहिले पान या लेखाने भरून ठेवले आहे. दुसरे पान तुमचे.